अँग्लो-सॅक्सन खेडे : राबणारे कोण, खाणारे कोण?



अँग्लो-सॅक्सन इंग्लंड म्हटले की राजे, लढाया आणि मठ डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या खेड्याच्या श्रमावर हा सारा डोलारा उभा होता, त्याच्याकडे आज आपणास पाहावयाचे आहे.

सफोक परगण्यातील वेस्ट स्टो येथे १९६५ ते १९७२ या काळात उत्खनन झाले. पाचव्या ते सातव्या शतकांतील या वस्तीत खड्ड्यांवर उभारलेल्या सुमारे ७० लाकडी झोपड्या व काही मोठी घरे आढळली. मागाची मातीची वजने, हाडांच्या फण्या, गुरामेंढरांची हाडे मिळाली. सरदाराचा वाडा म्हणावा असे काही मात्र मिळाले नाही.

सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने याच्या कायद्यात वसुली स्पष्ट दिसते. एका कुटुंबाच्या निर्वाहाची जमीन म्हणजे एक हाइड. अशा १० हाइडमागे ३०० पाव, १० पात्रे मध, २ मोठी गुरे किंवा १० मेंढे, २० कोंबड्या, १०० ईल मासे असा शिधा द्यावा लागे.

इ. स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक या मठवासीयाने मुलांना लॅटिन शिकविण्यासाठी एक संवाद रचला. त्यातील नांगऱ्या सांगतो की, कडाक्याच्या थंडीतही धन्याच्या धाकाने पहाटेस बाहेर पडावे लागते, कारण आपण स्वतंत्र नाही. अकराव्या शतकातील एका दस्तऐवजानुसार 'गेबुर' शेतकऱ्यास धन्याकडून २ बैल, १ गाय, ६ मेंढ्या व ७ एकर पेरलेली जमीन मिळे. मोबदल्यात आठवड्यातून २ दिवस, सुगीत ३ दिवस वेठ. आणि तो मेला की मागे राहिलेले सारे धन्याचे! १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत सुमारे २८ हजार गुलाम नोंदले आहेत, म्हणजे नोंदल्या गेलेल्यांपैकी दर दहांत एक.

सतराव्या शतकातील इंग्रज बंडखोरांची श्रद्धा होती की, १०६६ पूर्वी शेतकरी स्वतंत्र होता; नॉर्मन विजेत्यांनी त्याच्या मानेवर जू ठेवले. त्या श्रद्धेने लढ्यास बळ दिले, हे खरे. परंतु पुरावा निराळे सांगतो. जू आधीच घडले होते. नॉर्मनांनी ते आपल्या हाती घेतले. स्वभाषिक धन्याची वेठ हीही वेठच असते. म्हणून धनी कोणत्या वंशाचा, एवढ्यावर न थांबता जमीन कोणाची व श्रमाचे फळ कोणाच्या कोठारात गेले, हा प्रश्न इतिहासास विचारला पाहिजे.