सोने ओळखावे, मग लुटावे



विजयादशमीच्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत हिरव्या फांद्यांचे ढीग लागतात. सायंकाळी तीच पाने ‘सोने’ म्हणून वडीलधाऱ्यांच्या हाती दिली जातात. परंतु ते पान आपट्याचेच आहे काय, हा प्रश्न किती घरांत विचारला जातो? पुष्कळदा ते कांचनाचे असते.

बालकांच्या वृक्षपरिचयाचा प्रारंभ या एका पानापासून व्हावा. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक आणि शेंड्याशी दुभंगलेले असते. कांचनाचे पान त्याच घडणीचे, परंतु आकाराने मोठे. संशय राहिलाच तर फुलोरा तो फेडतो. कांचनाची फुले मोठी, गुलाबी, जांभळी वा पांढरी. आपट्याची लहान आणि फिकट. तिसरा सोबती सातपुड्यातला अंजन. यावल-चोपड्यापासून शिरपूरपर्यंतच्या खडकाळ उतारांवर तो तग धरून उभा असतो. त्याचे पानही प्रथमदर्शनी आपट्यासारखेच भासते. पण तेथे एक पान दुभंगलेले नसून दोन स्वतंत्र पर्णिका देठाशी जुळलेल्या असतात.

माता-पित्यांनी ही तीन पाने मुलाच्या तळहातावर ठेवावीत व भेद त्यालाच शोधू द्यावा. नाव सांगण्याची घाई करू नये. पुढे घराजवळचे वा शाखेच्या मैदानाकाठचे एक झाड निवडून वर्षभर त्याच्या भेटीस जावे. अंजनाची तांबूस पालवी, आपट्यावर दीर्घकाळ लटकणाऱ्या काळपट शेंगा, या गोष्टी ऋतूंच्या सोबतीनेच कळतात.

हे केवळ निसर्गशिक्षण नव्हे. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त कुबेर रघुराजाच्या कोषात सुवर्णवृष्टी करतो; लोककथेने ती वृष्टी आपट्याखाली घडविली. रघू सर्वच देऊ पाहतो, कौत्स मात्र गुरूच्या देण्यापलीकडे एकही मुद्रा घेत नाही. त्या संयमाचे स्मरण म्हणून ज्याचे पान द्यावयाचे, तोच वृक्ष फांद्या ओरबाडून बोडका करणे हा परंपरेचा सन्मान कसा म्हणावा?

येत्या दसऱ्याला प्रत्येक कुटुंबाने एकच पान द्यावे, तेही मुलाने स्वतः ओळखलेले. आणि पुढील पावसाळ्यात त्याच मुलाच्या हातून आपट्याचे एक रोप लावावे. मग घरात येणारे सोने खरे असेल आणि ते देणारा वृक्षही उभा राहील.