बदलीचा हुकूम आणि घरसामान



बदली हा नोकरीचा अविभाज्य भाग होय. हुकूम एका कागदावर येतो. परंतु त्यामागोमाग धान्याचे डबे, कपाटे, अंथरुणे, मुलांची पुस्तके आणि देव्हारा असा सारा संसार हलवावा लागतो. हा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही.

याबाबत केंद्र शासनाने स्वीकारलेले तत्त्व स्पष्ट आहे. बदली लोकहितार्थ असेल तर खर्च शासनाचा; स्वतःच्या विनंतीवरून असेल तर कर्मचाऱ्याचा. सातव्या वेतन आयोगानंतर, 1 जुलै 2017 पासून, 20 किलोमीटरहून अधिक अंतरावरील बदलीसाठी मूळ वेतनाच्या 80 टक्के एवढे एकत्रित अनुदान ठरविण्यात आले. बांधाबांधीचा खर्च त्यातूनच भागवावयाचा असतो. सामानाच्या वाहतुकीसाठी वेतनस्तर 6 व त्यावरील कर्मचाऱ्यांना किलोमीटरमागे 50 रुपये, स्तर 5 ला 25 रुपये व त्याखालील स्तरांना 15 रुपये अशी मूळ मर्यादा होती. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढल्यावर हे दर 25 टक्क्यांनी वाढावेत, अशीही तरतूद होती. मूळ दराने 300 किलोमीटरसाठी चतुर्थ स्तरावरील कर्मचाऱ्याची मर्यादा 4,500 रुपये होते, तर सहाव्या स्तरावरील कर्मचाऱ्याची 15,000 रुपये. ट्रकचे भाडे मात्र पदनाम पाहून ठरत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

खाजगी कंपन्यांत असा एकच नियम नाही. कोठे पावत्यांप्रमाणे प्रत्यक्ष खर्च मिळतो, कोठे ठोक रक्कम, तर कोठे कंपनीच वाहतूकदार नेमते. सामानाची मर्यादा किती, विमा कोणाचा आणि लवकर नोकरी सोडल्यास रक्कम परत करावी लागेल काय, या गोष्टी रुजू होण्यापूर्वीच लेखी असाव्यात.

वाटेत सामानाची हानी झाली तर 2007 चा रस्तामार्गे मालवाहतुकीचा कायदा उपयोगी पडतो. मात्र दावा करावयाचा तर माल नोंदविल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत वाहतूकदारास लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून सामानाची यादी, तिचे मूल्य व पावती जपून ठेवणे अगत्याचे होय.

महाराष्ट्राच्या 2005 च्या बदलीविषयक अधिनियमाने शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या सामान्यतः वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असे म्हटले आहे. शाळेचे वर्ष संपलेले असते आणि पाऊस सुरू व्हावयाचा असतो. संसार हलविण्यास हाच काळ सोयीचा. हुकूम लांबला तर भिजते ते सामान आणि खोळंबते ते मुलांचे शिक्षण.

ग्रामपंचायतींचेही येथे कर्तव्य आहे. येणाऱ्या शिक्षकाला वा ग्रामसेवकाला राहण्याजोगी खोली दाखविणे आणि सामान उतरविण्यास चार हात देणे यास फारसा खर्च येत नाही. ज्याचा संसार गावात सुखाने उतरतो, त्याचे मनही तेथे लवकर रमते, आणि त्याचा लाभ अखेर गावालाच होतो.