दमेकरी मुलाचा हिशेब



कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती रिकामी होतात तेव्हा उडणारा तिखट धुरळा सर्वांच्याच नाकात जातो. व्यापारी थोड्या वेळाने निघून जातो. हमाल आणि देठ खुडणाऱ्या बाया मात्र दिवसभर त्यातच असतात. तोच धुरळा त्यांच्या कपड्यांबरोबर घरी पोचतो. तेथे चुलीचा धूर आणि भिंतींची ओल त्याची वाटच पाहत असतात. अशा खोलीतले दमेकरी मूल रात्र बसून काढते.

दमा श्रीमंतांच्या मुलांनाही होतो. भेद पडतो तो उपचारात. दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. ती उतरवणारे स्टेरॉइड फवाऱ्याने, अगदी अल्प मात्रेत, रोज घ्यावे लागते. असे औषध 1972 पासून वापरात आहे. आपल्या 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधयादीतही ब्युडेसोनाइडचा फवारा आहे. तरीही जगातील सुमारे 13 टक्के दमेकरी भारतात असताना दम्याने होणारे सुमारे 42 टक्के मृत्यू येथे होतात, असा 2019 च्या जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे.

याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. रोजंदारीच्या घरात आज त्रास नसलेल्या मुलासाठी आज पैसे काढणे कठीण असते. धाप लागली की जवळच्या डॉक्टरकडे इंजेक्शन, आणि त्या दिवसाची मजुरी बुडीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. म्हणजे झटका आला तर खर्च समाजाचा. तो टाळायचा तर खर्च कुटुंबाचा! असा उफराटा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

अमेरिकेत काळ्या मुलांमध्ये दम्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट आहे आणि मृत्यूंतील तफावत त्याहूनही मोठी. हा रक्ताचा दोष नाही. कोणाला कोणती वस्ती, कोणता विमा आणि कोणता डॉक्टर मिळाला, याचा तो परिणाम आहे. तेथे हे दिसते, कारण तेथे मोजले जाते. आपल्याकडे काम आणि वस्ती यांची वाटणी शतकानुशतके जातीने केली. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दम्याचा प्रश्न विचारला गेला तो 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांना आणि 15 ते 54 वर्षांच्या पुरुषांना. कळमन्याचे सात वर्षांचे मूल त्या हिशेबात नाहीच.

उपाय महाग नाहीत. फवारा लहान मुलाला नीट घेता यावा म्हणून मध्ये नळकांडे लागते. साधी प्लास्टिकची बाटली नीट बसवली तर तेच काम करते, हे दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर हेदर झार यांच्या 1999 च्या अभ्यासाने दाखवले. आणि कामगारांच्या कल्याणासाठी मंडळे नेमणारा माथाडी कायदा तर 1969 पासून आपल्याकडे आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. प्रतिबंधक फवारा सरकारी दवाखान्यात अखंड आणि मोफत मिळावा. कल्याणात हमालांच्या, तसेच नोंद नसलेल्या मजूर बायांच्या मुलांचे औषध यावे. आणि केसपेपरवर मुलाच्या आईबापांचे काम लिहिले जावे. ज्यांच्या पाठीवरून नागपूरचे धान्य उतरते, त्यांच्या मुलांना श्वासासाठी कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे लागू नये.