गुच्छासाठी फुले : तारीख धरून लागवड करा



आपल्याकडे गावी पाहुणा आला की नारळ आणि टॉवेल-टोपी देऊन मान करतात. शहरातल्या कंपन्यांमध्ये हाच मान फुलांच्या गुच्छाने होतो. दिवाळीला, इंग्रजी नववर्षाला, नवीन कारखाना सुरू झाला म्हणजे, कंपनीकडून मोठ्या गिऱ्हाइकांकडे आणि माल पुरवणाऱ्यांकडे गुच्छ जातो. व्यवहारात गोडी राहावी एवढाच त्यातला हेतू. कंपन्यांच्या वार्षिक सभा बहुधा ३० सप्टेंबरच्या आत होतात, तेव्हाही व्यासपीठावर गुच्छ लागतात.

आता ह्यात आपला संबंध काय? गुच्छाची फुले आपल्याच रानातून जातात. पण हार-पूजेच्या फुलाचे आणि गुच्छाच्या फुलाचे गणित एक नाही. झेंडू, सुटी गुलछडी किलोवर जाते. गुच्छाचे फूल नगावर, गड्डीवर जाते. जरबेरा दहा नगांची, डच गुलाब वीस नगांची. आणि मुख्य म्हणजे गुच्छाला तारीख असते. १ जानेवारीचा गुच्छ ४ तारखेला कोण घेणार? तुमचे फूल कितीही टपोरे असो, ते दिवस चुकून आले तर पडेल भावाने द्यावे लागते. उलट, कबूल करून माल दिला नाही तर फुलवाला पुढच्या वर्षी दारात उभा करीत नाही.

जरबेरा, कार्नेशनला हरितगृह लागते. तो खर्च सर्वांना झेपणारा नाही. उघड्या रानात तारीख धरून घेता येईल असे पीक म्हणजे ग्लॅडिओलस, ज्याला बाजारात ग्लॅडिओ म्हणतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश, फुले प्रेरणा ह्या जाती आपल्याकडे चालतात. कंद लावल्यापासून जातीप्रमाणे साधारण ७० ते ९० दिवसांत दांडा येतो. म्हणून हिशेब उलटा करायचा. २८ डिसेंबरला दांडे हवेत आणि जात ८० दिवसांची आहे, तर ९ ऑक्टोबरला कंद जमिनीत पाहिजे. थंडी जास्त पडली की फूल मागे हटते, तेव्हा सगळे कंद एकाच दिवशी लावू नका. ठरलेल्या दिवसाच्या आठ दिवस आधी एक भाग, त्या दिवशी दुसरा आणि आठ दिवसांनी तिसरा, असे लावा. थोडे दांडे मागेपुढे होतील, ते रोजच्या बाजारात जातील.

कंद घेताना एक विचारा : विश्रांती झाली आहे का? काढल्यानंतर कंद सुमारे तीन महिने झोपलेला असतो. तो लगेच लावला तर उगवतच नाही, आणि तारखेचा सगळा बेत फसतो. शीतगृहात ठेवलेले, कोंब फुगू लागलेले कंद घ्यावेत. ३० बाय २० सेंटिमीटरवर एका गुंठ्यात सुमारे १,६०० कंद बसतात. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठे पुष्कळ झाले. सगळे रान ह्यात घालू नका, हे मी मुद्दाम सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत समारंभ थांबले आणि फुले बांधावर टाकावी लागली. २०१७ साली केंद्राच्या गृह खात्याने राज्यांना कळविले की पंतप्रधानांच्या स्वागताला गुच्छ नको, फार तर एक फूल, सोबत खादीचा रुमाल किंवा पुस्तक द्यावे. असे वारे केव्हाही फिरते. प्लॅस्टिकची फुले तर आहेतच.

काढणीत निष्काळजीपणा नको, कारण हे फूल साहेबाच्या टेबलावर चार-सहा दिवस दिसणार आहे. दुसऱ्याच दिवशी मान टाकली तर देणाऱ्याची शोभा जाते, आणि बोल शेवटी आपल्यावर येतो. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसू लागला की पहाटे किंवा संध्याकाळी दांडा कापा. झाडावर चार तरी पाने राहू द्या, म्हणजे खालचा कंद पोसतो. कापलेला दांडा तसाच बांधावर ठेवू नका. स्वच्छ पाण्याची बादली बरोबर न्या आणि लगेच सावलीत घ्या. ग्लॅडिओचे दांडे आडवे ठेवले की शेंडे वर वळतात आणि वाकडा दांडा गुच्छात चालत नाही, म्हणून वाहतुकीतही उभेच ठेवावेत. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो असलेल्या गाडीत फुले टाकू नका. पिकत्या फळांतून वायू निघतो, त्याने फूल लवकर कोमेजते. भाडे वाचते, पण माल जातो.

विक्रीचे म्हणाल तर पुण्याला गुलटेकडीचा आणि मुंबईला दादरचा फूलबाजार आहेच. तारखेच्या मालासाठी मात्र गुच्छ बांधणाऱ्या फुलवाल्याशी लागवडीआधीच बोलून घ्या. थेट कंपनीच्या मागे लागलात तर बिल देऊन पैशाची वाट पाहत बसावे लागते, ते आपल्याला परवडत नाही. रंग कोणता, दांडा किती लांब, नग किती, कोणत्या दिवशी, हे कागदावर घ्या आणि विसार घेतल्याशिवाय कंद विकत घेऊ नका. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून ठरविले तर एकाचे दांडे मागे राहिले तरी दुसऱ्याचे देता येतात.

फुले गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी पाने पिवळी पडली की कंद काढा, सावलीत वाळवा, बुरशीनाशक लावून शीतगृहात ठेवा. पुढच्या लागवडीचा तेवढा खर्च वाचेल.