मुलांसह मरुभूमीतून

लहान मुले बरोबर घेऊन वाळवंटात जायचे म्हटले की घरातली वडील माणसे प्रथम विचारतात, "अरे, तिथे काय ठेवलंय? आणि पोरांना पाणी कुठून पाजाल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे गेल्यावर मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे मात्र निघण्यापूर्वीच द्यावे लागते. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेऊ.

आम्ही चौघे, म्हणजे मी, माझी पत्नी, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी, डिसेंबर महिन्यात जोधपूरहून मोटारीने जैसलमेरला गेलो. वाट पोकरणवरून जाते आणि अंतर सुमारे २८० किलोमीटर भरते. थंडीचे दिवस निवडले ते मुद्दाम. उन्हाळ्यात या मुलखात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन तिकडे फिरू नये, हे स्पष्टच सांगतो.

पण थंडी आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. कोकणात घाम आला की सदरा अंगाला चिकटतो आणि आपल्याला कळते. वाळवंटातली हवा कोरडी. घाम येतो आणि तिथल्या तिथे उडून जातो. अंग कोरडे वाटते, पण शरीरातले पाणी कमी होतच असते. मोठ्या माणसाला तहान कळते. मूल मात्र खिडकीबाहेरचे उंट बघण्यात दंग. ते पाणी मागत नाही, नुसते किरकिरते, नाहीतर गप्प होते. म्हणून आम्ही नियम केला होता : मागो वा न मागो, दर अर्ध्या तासाने दोन-दोन घोट. मुलाची लघवी गडद पिवळी झाली, ओठ सुकले, की पाणी कमी पडले असे समजावे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा, हे विसरू नये; आणि मूल सुस्तावले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणखी एक. उन्हात उभ्या मोटारीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नका. बंद गाडीतली उष्णता दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते.

आता पहिला प्रश्न : तिथे काय ठेवलंय?

आपल्या मनातले वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या. जोधपूर सोडल्यावर तसे काही दिसेना, तेव्हा चिरंजीव निराश झाले. "बाबा, वाळवंट कधी येणार?" दिसत होते ते खुरटे गवत, बोरीची झुडपे, शेळ्यांचे कळप आणि मधून मधून एक काटेरी झाड. तिकडे त्याला खेजडी म्हणतात. आपल्याकडे तिचेच नाव शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती शमी. दुसरे झाड तग धरत नाही तिथे ही उभी असते. तिचा पाला शेळ्या-उंटांना, कोवळ्या शेंगांची भाजी माणसांना आणि सावली सगळ्यांना. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई स्त्री झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि कुऱ्हाडीखाली गेली. तिच्यामागून एकूण ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, असे सांगतात. ही हकीगत ऐकल्यावर मुलगा खिडकीतून खेजड्या मोजू लागला. वाळवंट कधी येणार हे त्याने पुन्हा विचारले नाही.

पोकरणच्या पुढे एका ढाणीपाशी, म्हणजे चार घरांच्या वस्तीपाशी, आम्ही थांबलो. अंगणात जमिनीबरोबर एक गोल चौथरा, त्याला झाकण. हा 'टांका', पावसाच्या पाण्याचे जमिनीतले टाके. भोवतालची जमीन चोपून, टाक्याकडे उतरती करून ठेवलेली. तिला आगोर म्हणतात. आगोरावर चपला घालून जायचे नाही. आमची धाकटी पळत निघाली, तर घरातल्या आजीबाईंनी दुरूनच हात केला. नंतर त्यांनी तिला पेलाभर पाणी दिले. अर्धे पिऊन तिने पेला परत केला. आजीबाईंनी ते उरलेले पाणी ओतून दिले नाही. कडेच्या मडक्यात ठेवले. "ते कुणाला?" मुलीने विचारले. मी हिंदीत सांगितले. आजीबाई म्हणाल्या, "बकरीच्या पिल्लाला." त्या मुलखात म्हणतात, तूप सांडले तर काही जात नाही, पाणी सांडले तर जीव जळतो. पुढच्या प्रवासात मुलीने पेला अर्धा टाकला नाही. 'पाणी जपून वापर' हे वाक्य मी तिला घरी किती वेळा ऐकवले असेल! जे माझ्या व्याख्यानाने झाले नाही, ते एका मडक्याने केले.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे गणिताचा एक तास आहे. जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आगोर धरा. त्यावर पडणारे पाणी २०,००० लिटर. निम्मे मुरले, उडाले, तरी १०,००० उरते. सहा माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यापुरते रोज ३० लिटर लागले, तर ते ३३३ दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा महिने पुरते!

शेतीचेही तसेच. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून अडवायचे. त्याला खडीन म्हणतात. पाणी जिरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांनी ही विद्या जैसलमेरकडे नावारूपाला आणली. त्यांचे कुलधरा गाव आज ओसाड आहे, पण त्या भागात खडिनांवर अजूनही पीक घेतात.

सगळे जुनेच चांगले, असे मात्र मला म्हणायचे नाही. ज्या राजस्थान कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले आणि ज्याला पुढे इंदिरा गांधींचे नाव मिळाले, त्याने पंजाबातल्या हरिकेपासूनचे पाणी थेट जैसलमेर जिल्ह्यात आणले. बायकांच्या डोक्यावरचे मैलोगणती ओझे त्याने पुष्कळ ठिकाणी उतरवले. मात्र नळ आला की टाक्याकडे दुर्लक्ष होते, आगोरावर झुडपे माजतात. नळ एखादे दिवशी आलाच नाही, म्हणजे मग आठवण होते.

हे काय फक्त तिकडेच घडते? आपल्या माणदेशासारख्या दुष्काळी टापूतसुद्धा साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जैसलमेरच्या दुपटीहून अधिक! तरी चैत्र-वैशाखात आपण टँकरची वाट पाहतो. सहा मीटर बाय पाच मीटरच्या आपल्या पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, की १५,००० लिटर पाणी पन्हाळीतून अंगणात आणि अंगणातून ओढ्याला जाते.

मुलांना घेऊन मरुभूमीत सर्वांनाच जाता येईल असे नाही. खर्चाचे काम आहे. पण शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजायला टेप आणि दोरी पुरे. येत्या पावसाळ्यापूर्वी मुलांकडून हे एक माप घेववा. आकडा फळ्यावर लिहा, आणि त्याच्याखाली विचारा, हे पाणी कुठे जाते? उत्तर मुले शोधतील, आणि घरी जाऊन वडिलांनाही विचारतील. त्यांना उत्तर द्यायची तयारी मात्र आपण ठेवली पाहिजे.