वैनगंगेचा गाळ आणि खोल समुद्रातलं तेल



मार्कंड्यात उभं राहून संमेलनाच्या अध्यक्षानं समुद्रातल्या तेलविहिरींवर बोलावं, हे काहींना खटकेल. चंद्रपूर-गडचिरोलीत बोलायला कोळसा आहे, लोहखनिज आहे. पण मार्कंड्याच्या देवळापाशी उत्तरेकडे वळलेली वैनगंगा पुढे चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते. गोदावरीनं युगानुयुगं समुद्रात नेऊन टाकलेल्या गाळाच्या थरांतच कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं तेल आणि वायू सापडला. त्या गाळात आपलाही वाटा आहे. २०२४ च्या जानेवारीत ओएनजीसीनं काकीनाड्यासमोरच्या खोल पाण्यातून तेल काढायला सुरुवात केली. म्हणजे विषय आपल्याच नदीचा आहे.

मराठी माणसाला ठाऊक आहे ते मुंबई हाय. तिथं पाणी जेमतेम ऐंशी मीटर. तरी २७ जुलै २००५ ला काय झालं? ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी तेलविहिरींच्या फलाटावर चढवायचं म्हणून भर पावसाळ्यात जहाज जवळ आलं आणि तेल-वायू वर आणणाऱ्या उभ्या नळ्यांवर आदळलं. दोनेक तासांत अख्खा फलाट जळून कोसळला. २२ माणसं गेली. जहाजाचं नाव मात्र ‘सुरक्षा’!

खोल पाण्यात गोष्ट आणखी अवघड होते. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलविहीर खणणारा तरंगता फलाट पेटला, तो दीड हजार मीटर पाण्यावर. त्या संध्याकाळी विहिरीचं सिमेंट धरलं आहे का, याची चाचणी झाली. एका नळीत दाब शून्य, दुसरीत चौरस इंचाला १,४०० पौंड. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत उतरलेल्या, म्हणजे आकडे जुळायलाच हवे होते. खालून वायू दाबतो आहे, हे मापक सांगत होता. माणसांनी त्याला एक सोयीचं कारण शोधलं आणि काम पुढे रेटलं. काही तासांत स्फोट झाला, ११ कामगार गेले. समुद्रतळावरचं बंद करायचं यंत्र वाकलेली नळी नीट कापू शकलं नाही. इतक्या खोलात पाणबुड्या पोचत नाही, सगळी मदार यंत्रमानवांवर. तेल ८७ दिवस वाहत राहिलं, आणि सगळं वर आलंच नाही. त्याचा मोठा पट्टा हजारभर मीटर खोलीवर पसरला, जिथं उपग्रहाला काही दिसत नाही.

गोदावरीच्या मुखाशी कोरिंग्याचं खारफुटीचं जंगल आहे, जवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तेल किनाऱ्यावरून उचलता येतं. खारफुटीच्या श्वासमुळांत शिरलेलं उचलायचं कसं?

असा धोका पत्करायचा का, हे विचारायची जागा म्हणजे जनसुनावणी. ती काय असते, हे या जिल्ह्यांना शिकवायला नको. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेनं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. समुद्राला ग्रामसभा नाही. त्यात २०२० च्या जानेवारीत केंद्रानं पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना बदलली आणि तेल-वायूच्या शोधकामाला जनसुनावणीतून वगळलं. मला हे मुळीच पटलेलं नाही. शोधविहीरही फुटू शकते.

म्हणून विज्ञानलेखकांकडे माझं एकच मागणं आहे. तेलगळतीसाठी तटरक्षक दलाची राष्ट्रीय आपत्ती योजना १९९६ पासून आहे. ती मुरूडच्या, वर्सोव्याच्या कोळ्याला वाचता येईल अशा मराठीत या वर्षात उतरवा. तेलुगू मित्रांनाही सोबत घ्या. सिरोंच्यात दोन्ही भाषा जाणणारी माणसं घरोघरी आहेत.