ईसीजी नॉर्मल आहे!

प्राचार्य, व्यासपीठावरची मंडळी, पालक आणि 'नाच कधी सुरू होणार' म्हणून मघापासून चुळबुळणाऱ्या मुलामुलींनो,

मी हृदयाची डॉक्टर. ठोक्यांची लय बिघडलेले रुग्ण माझ्याकडे जास्त येतात. त्यांचं दुखणं मोठं लबाड असतं. तुमच्याच वयाची एक मुलगी होती. वर्गात बसल्याबसल्या छाती धडधडायला लागायची, गळ्याशी शीर उडायची, हातापायांतलं बळ जायचं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल! घरचे म्हणाले, परीक्षेचं टेन्शन. आजीने दृष्ट काढली. मैत्रिणींनी तर नाटकीच ठरवलं. ती मला म्हणाली, "मॅडम, धडधड सोसते हो मी. पण कुणाला खरंच वाटत नाही."

एकदा धडधड चालू असतानाच भावाने रिक्षात घालून आणलं आणि चोर सापडला. मिनिटाला १९० ठोके! हृदयात जन्मतःच विजेची एक जादा वाट होती. जांघेतल्या शिरेतून नळी घालून ती जाळली. धडधड गेली, तरी पुढे कितीतरी दिवस जिना चढताना तिचं बोट मनगटावर जायचं. हे कुठल्याही रिपोर्टात येत नाही.

काहींचं उलट असतं, ठोके फार मंदावतात. स्वीडनचे आर्ने लार्सन त्यामुळे दिवसातून वीस-तीसदा बेशुद्ध पडायचे. त्यांच्या पत्नीने सर्जन सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. ८ ऑक्टोबर १९५८ ला लार्सन यांच्या शरीरात पेसमेकर बसवला, जगातला पहिला. त्याचा साचा काय, तर बूटपॉलिशची डबी! काही तासांतच तो बंद पडला, मग दुसरा बसवला. असे वीसहून जास्त पेसमेकर वापरत लार्सन २००१ पर्यंत जगले. सर्जन आणि इंजिनिअर दोघेही त्यांच्याआधी गेले. मला मात्र या गोष्टीत त्या बाईच जास्त आवडतात. कुणीतरी असं मागे लागणारं हवं.

वर्गात कुणी 'धडधडतंय' म्हणालं, तर हसू नका. त्याला बसवा, नाडी मोजा, किती वेळ चाललं ते लिहून ठेवा. चक्कर आली, छातीत दुखलं, तर १०८ ला फोन. आणि कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर फोन दुसऱ्याला करायला सांगून तुम्ही छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

हे भाषणातून येत नाही. सर, येत्या शनिवारी मी सरावाचा पुतळा घेऊन येते, तेवढा एक वर्ग मोकळा ठेवा. शिक्षकांनीही यायचंय, गुडघे दुखतात ही सबब चालणार नाही.